अम्मीची दोन दिवसांची सुट्टी

अब्बांना लकवा झाला तेव्हा अम्मीचं वय एकसष्ट होतं, आणि ते अल्लाहला प्यारे झाले तेव्हा पासष्ट. मधल्या चार वर्षांत अम्मी एकही रात्र सलग झोपली नाही. यात अतिशयोक्ती नाही. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात हे बजावलं होतं. अम्मीने ते घट्ट धरून ठेवलं. रात्री दहा, बारा, दोन, चार आणि मग फजर. चार वर्षांत अब्बांच्या अंगावर एकही जखम झाली नाही. गुसल देणाऱ्या मंडळींनी बाहेर येऊन हे आमच्या भाईला आवर्जून सांगितलं.

आम्ही तिघी बहिणी. एक इथे सोपाऱ्यातच, एक मुंब्र्याला, एक भिवंडीला. आळीपाळीने येत होतो, दिवसा भाभीही असायची. पण रात्र अम्मी कुणाला देत नसे. "त्यांचा हुंकार तुम्हांला कळत नाही," एवढंच म्हणायची. तेव्हाच आमचं ठरलं होतं की कधीतरी अम्मीला दोन दिवस कुठेतरी घेऊन जायचं, जिथे तिला काहीही करावं लागणार नाही. कधीतरी म्हणजे अब्बांच्या नंतर, हे आम्हांला माहीत होतं. तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं.

अब्बा ऑगस्टच्या पावसात गेले. इद्दतचे चार महिने दहा दिवस डिसेंबरात संपले. जानेवारीत आम्ही विषय काढला आणि घरात वादळ उठलं. अम्मीच्या आधी फुफींनी विरोध केला. "भाऊ जाऊन सहा महिने नाही झाले आणि भाभीला हॉटेलात नेताय? लोक काय म्हणतील?" फुफींना अब्बांचं दुःख खरंच झालं आहे, त्यात शंका नाही. पण लोक काय म्हणतील हे त्या सगळ्याच बाबतीत विचारतात. आमच्या लग्नांत जेवणाला किती माणसं बोलवायची तिथपासून.

आम्ही त्यांना एवढंच म्हटलं की फुफी, इद्दतची मुदत अल्लाहने ठरवून दिली आहे आणि अम्मीने ती पूर्ण पाळली आहे. त्यापुढची मुदत आपण कोण ठरवणार? आपल्या समाजात हे फार होतं. विधवेची इद्दत कागदावर संपते, पण रंगीत ओढणी घेतली, भाचीच्या हळदीला हसली, बाजारात एकटी दिसली की कुणीतरी भुवया उंचावतंच. बाईच मेली तर मात्र नवऱ्याचं दुसरं लग्न चाळिसाव्याच्या आत ठरतं आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. हे आम्ही फुफींना बोललो नाही. इथे लिहून टाकतो.

अम्मीची हरकत वेगळी होती. तिला महाबळेश्वर नको होतं, काश्मीर तर नकोच. "घरी तासाभरात परत येता येईल एवढंच लांब जाईन." म्हणजे आपल्या वसई तालुक्याच्या आतच. आम्हांला हसू आलं आणि मग वाटलं, बरोबर आहे. मुंबईची माणसं शनिवार-रविवार काढून आमच्याच किनाऱ्यावर येतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, नवापूर या गावांतून रिसॉर्टं उभी आहेत. दुसऱ्या बाजूला महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वराच्या पायथ्याला तानसा नदीच्या खोऱ्यातही महागडी हॉटेलं झाली आहेत. आम्ही सोपाऱ्यात जन्मलो, वाढलो, आणि त्यांपैकी एकाही हॉटेलच्या फाटकातून आत गेलो नव्हतो. मग ठरलं, एक रात्र किनाऱ्यावर आणि एक रात्र खोऱ्यात. आमच्यातली मधली गाडी चालवते, त्यामुळे भाईने रजा घेण्याचाही प्रश्न उरला नाही. तो म्हणाला, "मी येऊ का सोबत?" अम्मी म्हणाली, "तू आलास तर मला तुझं जेवण बघावं लागेल."

निघताना धाकटीने विचारलं की नमाज कसर करायची का. अम्मी खळखळून हसली, किती महिन्यांनी. सोपाऱ्यापासून कळंब सात-आठ किलोमीटर. कसरसाठी ऐंशी किलोमीटरच्या आसपास तरी जावं लागतं. शरीअतच्या हिशेबाने आम्ही मुसाफिर नव्हतोच. हॉटेलच्या पावतीवर मात्र पाहुणे होतो.

निर्मळवरून कळंबकडे जाताना दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. आता कमी झाल्या, पण आहेत. केळी, नारळ, नागवेलीचं पान, मोगरा, मधूनच शेवाळलेलं एखादं बावखल. नव्या पिढीतल्या मुलांना बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं. पावसाचं पाणी साठवून वाडीला पुरवणारं, जमिनीखालच्या गोड्या पाण्याला आधार देणारं छोटं तळं. वसईत असली तळी जागोजागी होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या विहिरींतून टँकरांनी पाणी उपसून बिल्डरांना विकायला सुरुवात झाली, विहिरी खारट होऊ लागल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. अब्बा त्या मोर्चांना गेले होते. अम्मीला ते आठवलं आणि तिने हॉटेलात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न केला तो पोहण्याच्या तलावाकडे बघून. "एवढं पाणी कुठून आणतात?" काउंटरवरच्या मुलाला वाटलं, आजींना तलाव आवडला.

हॉटेल सुरेख होतं हे मान्य करायला हवं. सुरूच्या झाडांमधून वाट, खोलीला समुद्राकडे उघडणारी गॅलरी, पलंग इतके मोठे की आम्ही चौघी एकावर मावलो असतो. अम्मी आत आली आणि उभीच राहिली. मग तिने पलंगावरची चादर नीट केली, जी नीटच होती. चहा आला, तो प्याली आणि कप घेऊन न्हाणीघरात धुवायला गेली. आम्ही तिला अडवलं. पाच मिनिटांनी बघतो तर ओले टॉवेल झटकून गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालत होती.

तिला पाहुणी होणं जमतच नव्हतं. ते तिला कधी करावंच लागलं नाही. आमचं घर स्टेशनला जवळ, त्यामुळे रत्नागिरी-रायगडकडून मुंबईत कामाला, दवाखान्याला, परीक्षेला येणारे सगळे नातेवाईक आमच्याकडे उतरत. अम्मी लग्न होऊन आली तेव्हा हाजींची जहाजं मुंबई बंदरातून सुटत. ती १९९५ पर्यंत चालू होती. हाजींना निरोप द्यायला आलेली अख्खी कुटुंबं आठ-आठ दिवस आमच्या ओसरीवर राहून जात. वीस माणसांची आकणी, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, रात्री पुन्हा बिछाने. अम्मी सांगते की एका मोसमात तिने मोजलं होतं, चाळीस दिवसांत स्वतःच्या पलंगावर ती सहा रात्री झोपली.

तसं पाहिलं तर सोपारा हे गावच पाहुण्यांचं. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. इथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडाखालून स्तूप निघाला. दहाव्या शतकातल्या अल-मसऊदीने आपल्या ग्रंथात सुबारा या नावाने या बंदराची नोंद केली आहे. अरबस्तानातून, इराणच्या आखातातून गलबतं येत. आपले पूर्वज त्याच वाटेने आले असं कोकणी मुसलमानांच्या घराघरांत सांगतात. हजार वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला भाकरी वाढणाऱ्या गावातली बाई एकदम स्वतः ताटावर कशी बसणार?

दुपारच्या जेवणाची आम्हांला धास्ती होती. फोनवर हलालबद्दल विचारलं तेव्हा उत्तर गुळमुळीत मिळालं होतं, म्हणून मटण-चिकनच्या वाटेला गेलोच नाही. मासे मागवले. पापलेट तव्यावरचं आणि कोलंबीचं सालन. कोलंबीच्या बाबतीत आम्ही शाफई सुखी. आमच्या मुंब्र्याच्या बहिणीच्या सासरी हनफी मंडळी आहेत, तिथे कोलंबी शिजली की सासरे दुसऱ्या खोलीत जातात. टेबल बारच्या काउंटरजवळ दिलं होतं. ते बदलून मागितलं, त्यांनी बदललं. अम्मीने सालन चाखलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नारळ पुडीतला आहे." मग पूर्ण संपवलं.

तक्रार होती ती तलावाची. खोली ठरवताना आम्ही स्पष्ट विचारलं होतं की बायकांसाठी वेगळी वेळ आहे का. सकाळी एक तास आहे, असं सांगितलं होतं. तिथे गेल्यावर कळलं की अशी वेळ कधीच नव्हती. आमच्यातल्या दोघींनी मुद्दाम मुंब्र्याच्या बाजारातून पूर्ण अंगाचे पोहण्याचे पोशाख आणले होते. रखवालदाराने पाटी दाखवली, फक्त नायलॉनचे कपडे. आमचे नायलॉनचेच होते. तरी त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी कापड बोटांनी चाचपून बघायला हात पुढे केला तेव्हा आमच्यातली मोठी दोन पावलं मागे सरली आणि तिने इतक्या थंडपणे "लेबल वाचा" म्हटलं की हात तिथेच थांबला. परवानगी मिळाली. पण तोवर काठावरची आठ-दहा माणसं आमच्याकडे बघत होती आणि पाण्यात उतरायची इच्छा राहिली नाही. आम्ही खोलीत परतलो. अम्मीला काही सांगितलं नाही. तिने चेहरे बघितले आणि म्हणाली, "चला, समुद्र कुणाच्या बापाचा नाही."

तर मग संध्याकाळी आम्ही चौघी कळंबच्या ओल्या वाळूत अनवाणी चाललो. ओहोटी लागली होती. उत्तरेकडे अर्नाळ्याचं बेट पुसटसं दिसत होतं. वैतरणेच्या मुखावरचा तो किल्ला. आत दर्गा आहे, देऊळ आहे, चारही बाजूंना खारं पाणी असून गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. लहानपणी अब्बा आम्हांला होडीतून तिथे घेऊन गेले होते. अम्मी त्या दिवशी आली नव्हती. घरी पाहुणे होते.

मगरिब गॅलरीत पढलो. आमच्या किनाऱ्यावर किबला समुद्राकडे येतो हे आम्ही जन्मभर जाणतो, पण मुसल्ल्यावर उभं राहून समोर पाणीच पाणी असं कधी घडलं नव्हतं. जानेवारीत सूर्य दक्षिणेला सरकून मावळतो, त्यामुळे तो डाव्या हाताला बुडाला होता आणि तिकडचं आभाळ अजून तांबडं होतं. अम्मीने सलाम फेरल्यावर दुआसाठी हात उचलले ते बराच वेळ खाली आले नाहीत.

रात्री मात्र तेच झालं. बारा वाजता अम्मी उठून बसली. आम्ही जाग्या होतो, बघत होतो. ती अंधारात उजव्या बाजूला हात लांबवून चाचपत होती, जिथे अब्बांचा पलंग असायचा. तिथे आमच्यातली धाकटी झोपली होती. हात तिच्या खांद्याला लागला तसा अम्मीने तिला हलकेच कुशीवर वळवलं आणि स्वतः पुन्हा आडवी झाली. धाकटी श्वास रोखून पडून राहिली. दोन वाजता पुन्हा. चारला पुन्हा. सकाळी आम्ही विचारलं, "झोप लागली का?" "छान लागली," अम्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महामार्गावर शिरसाड फाट्याला वळलो. हा रस्ता पारोळ, उसगाव करत वज्रेश्वरी-अंबाडीकडे जातो. उजवीकडे तुंगारेश्वराचे डोंगर, ज्यांना २००३ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, आणि डावीकडे कुठेतरी तानसा. हिचंच पाणी वर धरणात अडवून १८९२ पासून मुंबईला पाजलं जातं. किनाऱ्यापासून तासाभराचाही रस्ता नाही, पण हवा बदलते. खारटपणा जातो, सुक्या गवताचा आणि धुराचा वास येतो. भाताची कापणी होऊन शेतं मोकळी पडली होती, काही ठिकाणी वाल पेरलेला होता. अम्मी खिडकीची काच खाली करून बसली.

हे हॉटेल पहिल्याहून महाग होतं आणि निवांत. मधला वार असल्याने पाहुणे जवळजवळ नव्हतेच. खोली साफ करायला जवळच्या पाड्यावरची एक मुलगी आली. अम्मीने तिला बसवलं, आमच्या डब्यातली नानखटाई दिली आणि अर्ध्या तासात तिची सगळी हकीकत काढली. बारावी झालेली, वडील वीटभट्टीवर, आठवड्याची सुट्टी नाही, एक दिवस आलं नाही तर पैसे कापतात. "मग तू कधी आराम करतेस?" अम्मीने विचारलं. मुलगी हसली. तिला प्रश्नच विचित्र वाटला असणार. ती गेल्यावर अम्मी म्हणाली, "तिच्या एका महिन्याच्या पगारात आपल्या इथल्या किती रात्री बसतात?" आम्ही हिशेब केला आणि सांगितला नाही. चौघींच्या दोन रात्रींना, जेवण धरून, एकवीस हजार लागले होते. ते तिघींत वाटले. अम्मीला आम्ही नऊ हजार सांगितले. अल्लाह माफ करो.

त्या रात्री इशाच्या नमाजनंतर अम्मी गॅलरीत खुर्चीवर बसली होती. रातकिड्यांशिवाय आवाज नव्हता. दहाला ती आत येऊन आडवी झाली. बाराला आम्ही वाट बघत होतो. ती उठली नाही. दोनला नाही. चारला नाही. आमच्यातल्या दोघींनी तर तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघितलं. खोल, संथ श्वास चालू होता, तोंड किंचित उघडं. आम्ही अंधारात एकमेकींचे हात धरून बसलो. काय सांगावं, ईदचा चांद दिसावा तसं वाटत होतं.

फजर झाली. आम्ही आवाज न करता वुजू केला, गॅलरीत नमाज पढलो. आत येऊन अम्मीच्या पलंगाभोवती उभ्या राहिलो. उठवायला हवं होतं. एकीने तसं म्हटलंही. दुसरी म्हणाली पाच मिनिटं. तिसरी म्हणाली, चार वर्षांनी झोपली आहे, अल्लाह जाणतो. कोण काय म्हणालं ते इथे वेगळं लिहीत नाही, कारण शेवटी उठवलं कुणीच नाही. सव्वासातला डोंगरावर ऊन आलं.

अम्मी आठ वाजून दहा मिनिटांनी उठली. तिने आधी पडद्यावरचं ऊन बघितलं, मग आमच्याकडे.

"फजर?"

"अम्मी, तू इतकी गाढ झोपली होतीस…"

"तुम्ही पढलात?"

"हो."

"आणि मला उठवलं नाहीत."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चार वर्षं मी तुमच्या अब्बांना फजरला उठवत होते. हात हलत नव्हता, तर मातीच्या ताटलीवर माझाच हात मारून त्यांचा तयम्मुम करून द्यायचे. बोलता येत नव्हतं, तर डोळ्यांनी नमाज पढायचे. रुकूला पापणी अर्धी, सज्द्याला पूर्ण. एक फजर जाऊ दिली नाही त्यांची. आणि तुम्ही माझी ठरवून घालवलीत."

आम्हांला हे माहीतच नव्हतं. चार वर्षं त्या घरात येत-जात होतो. औषधांच्या गोळ्या कोणत्या, किती वाजता, सगळं तोंडपाठ होतं. अब्बांच्या उशाजवळची ती मातीची ताटलीही बघितली होती. ती तिथे का आहे, हे कधी विचारलं नाही. दिवसाच्या नमाजांना अम्मी आम्हांला खोलीबाहेर जायला सांगायची, आम्हांला वाटायचं कपडे बदलायचे असतील.

अम्मीने वुजू केला, कजा पढली आणि गॅलरीत जाऊन बसली. दहापर्यंत कुणाशी बोलली नाही. त्या दिवशी अकलोलीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जायचा बेत होता, तिच्या गुडघ्यांसाठी. तो बोलूनही दाखवायची आमची हिंमत झाली नाही. आम्ही खोलीत तिघी तीन कोपऱ्यांत. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या मोठ्या पलंगांचं, मऊ उशांचं अगदी ओझं वाटलं.

दहाला अम्मीने चहा मागितला. कप घेऊन तिच्याजवळ बसलो तेव्हा ती अब्बांबद्दल बोलू लागली. इंतकालानंतर पहिल्यांदा. शेवटच्या वर्षी डाव्या पापणीने ते कसे थट्टा करत, भाईच्या बायकोने केलेली खिमटी आवडली नाही की डोळे कसे घट्ट मिटून घेत, एकदा रात्री दोनला कूस बदलताना अम्मीच त्यांच्या अंगावर डुलकी घेऊन पडली आणि सकाळपर्यंत तशीच होती, आणि त्यांनी हुंकार दिला नाही. "मला उठवलं नाही त्यांनी," असं म्हणून ती थांबली. बरोबर आठवून थांबली की आणखी कशाने, ते आम्हांला सांगता येणार नाही. खोली बारा वाजता सोडायची होती. आम्ही काउंटरवर फोन करून दोन वाजेपर्यंत मागून घेतली.

घरी आल्यावर आम्ही भाईमार्फत मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारलं. त्यांनी सांगितलं की झोपेत नमाज गेली तर झोपणाऱ्यावर गुनाह नाही, जाग येताच पढावी. एका सफरीत खुद्द रसूलुल्लाह (स.) आणि सहाबांचीही फजर झोपेत गेली होती. उठवण्याची जबाबदारी हजरत बिलाल (र.) यांच्यावर होती आणि त्यांनाही डोळा लागला होता. अम्मीच्या बाबतीत प्रश्नच मिटला. मग आलिमसाहेबांनी भाईला विचारलं की मुली जाग्या होत्या की झोपल्या होत्या. भाई खोटं बोलला नाही. "मग त्यांनी उठवायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही हदीस आम्हांला ठाऊक आहे आणि त्या पहाटे तिघींच्याही मनात तीच होती. पण तो हक्क अम्मीच्या शरीराचा होता, त्याचा निवाडा अम्मीने करायचा होता. तिला आदल्या रात्री विचारलं असतं, "फजरला उठवू ना?" तर प्रश्न आलाच नसता. विचारायचं सुचलं नाही. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसाचं सगळं आपणच परस्पर ठरवत जातो, आरामसुद्धा.

कुणी आपल्या आई-खालांना असं नेणार असाल तर दोन-तीन गोष्टी आमच्या अनुभवातून. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी दर उतरतो आणि रात्रभर वाजणारी गाणी नसतात. बायकांच्या पोहण्याच्या वेळेबद्दल तोंडी सांगितलेलं धरू नका, मेसेजवर लिहून घ्या. खोली तळमजल्यावरची मागा. आणि मुसल्ले घरून न्या, चादरीवर नमाज पढताना अम्मीला सारखं वाटत होतं की हॉटेलवाल्यांची चादर मळेल.

अम्मीची झोप अजून तुटकच आहे. पण बारा आणि दोन गेले, आता फक्त चारला जाग येते. तेव्हा ती उठून तहज्जुद पढते, म्हणजे ती वेळ तिने आपली करून घेतली आहे. अब्बांचा पलंग जमातच्या कमिटीला द्यायचा आहे, तिथून गरजू आजाऱ्यांना वापरायला देतात. अम्मी म्हणते रमजानपर्यंत राहू दे. आम्ही या वेळी काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात तिने स्वतःच विषय काढला. ईदनंतर अर्नाळ्याला जायचं आहे, होडीतून, किल्ल्यात. तिने तो कधी आतून बघितलाच नाही. मात्र फुफींनाही सोबत घ्यायचं, त्या घरात एकट्याच असतात. आम्ही एकमेकींकडे बघितलं. फुफींना फोन कुणी करायचा यावर चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. शेवटी मोठीने केला. फुफींनी सगळं ऐकून घेतलं, लोक काय म्हणतील हे एकदा विचारलं, सवयीने. मग थोडं थांबून म्हणाल्या, "खोलीत पलंग किती असतात गं? मला भिंतीकडेचा लागतो."